सोहळ्यात एक पुस्तक तरी उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे एका ग्रंथालयाच्या बालविभागातील पुस्तक-सोहळ्याचे मोठे रंगीत छायाचित्र छापून आले. घरातल्या सगळ्यांनी ते कौतुकाने पाहिले. मी मात्र भिंग घेऊन बसलो. छायाचित्रात कुठे पुस्तक दिसले की त्याची बांधणी कशी आहे हे पाहिल्याशिवाय मला पान उलटवत नाही. छतापासून दोऱ्यांनी चित्रपुस्तके टांगली होती. मोजली, १४ भरली. प्रत्येकाच्या पुठ्ठ्याला वरच्या कोपऱ्यात भोक पाडून त्यातून दोरा ओवलेला होता. खाली २०-२५ मुले रंगीत टोप्या घालून उभी होती. त्यांच्या हातांत फुगे होते. पुस्तक एकाच्याही हातात नव्हते. डावीकडच्या कोपऱ्यात एक लहान मुलगा टाचा उंच करून, हात ताणून सगळ्यात खाली टांगलेल्या पुस्तकाकडे झेपावत होता. बहुधा छायाचित्रकाराला तो दिसलाही नसेल. मला त्या मुलाबद्दल लिहायचे आहे.

मी ३४ वर्षे छापखान्याच्या बांधणी विभागात काढली. छापलेल्या कागदाला घड्या घालणे, फॉर्म म्हणजे घडी घातलेल्या पानांची जुडगी जुळवणे, शिलाई, पाठीला खळ लावणे, पुठ्ठा चढवणे, कापणी, सगळे या हातांनी केले. निवृत्त झाल्यावर जवळच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तके दुरुस्त करून द्यायला जाऊ लागलो. एका शनिवारी गोष्ट सांगणाऱ्या ताई ऐनवेळी आजारी पडल्या आणि ग्रंथपालबाईंनी माझ्या हातात एक चित्रपुस्तक देऊन मला मुलांसमोर बसवले. त्याला आता ९ वर्षे झाली. दर शनिवारी सकाळी तीन ते सहा वर्षांची १२-१५ मुले, त्यांचे आईबाबा नाहीतर आजीआजोबा, आणि मी. या शनिवारांच्या जोरावर माझे एकच म्हणणे आहे. ग्रंथालयात सोहळे जरूर व्हावेत, पण प्रत्येक सोहळ्याच्या मध्यभागी एक उघडलेले पुस्तक असावे आणि सोहळा संपल्यावर पुस्तके मुलांच्या हातांतून घरी जावीत.

आधी आमच्याकडची चूक सांगतो. ती ठरवणाऱ्यांत मीही होतो. २ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन. परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांचा जन्म १८०५ साली याच तारखेचा, आणि १९६७ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की या वर्षी दणक्यात करायचा. दर शनिवारची १५ मुले कुठे दिसणार, म्हणून आजूबाजूच्या बालवाड्यांना निमंत्रणे गेली. ९० मुले आली. ध्वनिक्षेपक आणला, व्यासपीठ बांधले, पाहुणे बोलावले. नवी पुस्तके मी स्वतः लांब टेबलावर नीट रचली, आणि गर्दीत खराब होऊ नयेत म्हणून टेबलासमोर दोरी बांधून ‘हात लावू नये’ अशी पाटीही माझ्याच अक्षरात लिहिली. पुस्तक वाचून दाखवायला शेवटची दहा मिनिटे राखली होती. भाषणे लांबली आणि ती दहा मिनिटे गेली.

आमच्याकडे दर शनिवारी येणारी चार वर्षांची एक मुलगी त्या दिवशी आली होती. गोष्ट ऐकताना ती चटईच्या एका ठरावीक कोपऱ्यात बसते. त्या दिवशी चटई गुंडाळून ठेवलेली आणि माझी खुर्ची व्यासपीठावर गेलेली. तरी ती बरोबर त्याच जागी, गार फरशीवर, जिथे माझी खुर्ची असते तिकडे तोंड करून एकटी बसून होती. कार्यक्रम उरकल्यावर मी जवळ गेलो तर म्हणाली, “आजोबा, पुस्तक कधी उघडणार?” लोक खुर्च्या उचलत होते. मी तिला म्हटले, शनिवारी. ती आईचा हात धरून गेली. दुसऱ्या एका मुलाच्या कानाशी फुगा फुटला होता. तो कान दाबून घरी जाईपर्यंत रडला आणि पुढचे पाच शनिवार ग्रंथालयाच्या दाराशी येऊन परत गेला. या दोन मुलांनी मला त्या दिवसाचा जो हिशेब दिला तो कुठल्याही वृत्तांतात आला नव्हता.

चित्रपुस्तक मुलांसमोर धरणे हे काम बाहेरून फार सोपे दिसते. पहिले काही महिने मी ते पार चुकीचे करत होतो. पुस्तक मांडीवर ठेवून वाचायचो, मग वर उचलून चित्र दाखवायचो, पुन्हा मांडीवर. मुलांना एक तर शब्द मिळत नाहीतर चित्र, दोन्ही एकत्र कधीच नाही. आणि चित्रपुस्तकाची सगळी गंमत त्या दोहोंच्या एकत्र येण्यात असते. मग ग्रंथपालबाईंनी दाखवले. पुस्तक चेहऱ्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचे. खालून, मधोमध, एका हाताने. बोटे चित्रावर येऊ द्यायची नाहीत. स्वतः खिडकीकडे पाठ करून बसायचे नाही, नाहीतर मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि पान काळे दिसते. मजकूर आधी चार-पाच वेळा घरी वाचून ठेवायचा, म्हणजे डोळे पानावर खिळून न राहता मुलांकडे राहतात. मनगट दुखते, पहिल्या महिन्यात तर फार.

पान उलटणे हा तर वेगळाच विषय आहे, आणि इथे माझा जुना धंदा उपयोगी पडला. बहुतेक चित्रपुस्तके ३२ पानांची असतात. याला कारण कागदाचे आहे. मोठा कागद छापून घडी घातली की १६ पानांचा एक फॉर्म होतो, असे दोन फॉर्म म्हणजे ३२ पाने. त्यातून नावाचे पान, प्रकाशकाचे पान वगैरे वजा जाता गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या चौदाएक जोड्या उरतात. म्हणजे लेखक-चित्रकाराकडे सगळी मिळून १३-१४ वेळा पान उलटायची संधी असते, आणि ती माणसे एकेक उलटणे मोजून-मापून खर्च करतात. उजव्या पानाच्या शेवटी दार ठोठावले जाते, दारात कोण आहे ते पलीकडच्या पानावर. मी वर्षानुवर्षे हजारो फॉर्म जुळवले, पण पानाच्या उलटण्यात एवढा जीव असतो हे मला चार वर्षांच्या मुलांनी शिकवले. आता मी पानाचा कोपरा बोटात धरतो आणि थांबतो. खोलीत आवाज नसतो. कुणीतरी पुढे सरकते, कुणीतरी शेजारच्याचा हात धरते, एखादा पुटपुटतो, “नको, नको उलटू.” मग उलटतो. ध्वनिक्षेपकावर आणि ९० मुलांत हा क्षण घडवून दाखवावा, माझी काही हिंमत नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्याकडच्या एका पुस्तकात आजी आणि नातू नदीकाठाने चालत जातात, एवढीच गोष्ट आहे. ते मी निदान सात वेळा वाचून दाखवले असेल. आठव्या वेळी एक मुलगा उठून पुस्तकाजवळ आला. हा मुलगा गोष्ट चालू असताना कधी एका जागी बसत नाही, खोलीभर फिरत असतो, आणि त्याची आई सारखी ओशाळून त्याला खेचून बसवू पाहते. त्याने पानाच्या तळाशी बोट ठेवले आणि म्हणाला, “ही गोगलगाय पण येतेय.” मी पाहिले. प्रत्येक पानावर खालच्या कडेला नखाएवढी गोगलगाय होती, दर पानागणिक थोडी पुढे सरकलेली. मजकुरात तिचा एका अक्षराने उल्लेख नाही. आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केले, या वेळी गोगलगायीची गोष्ट म्हणून. मोठ्या माणसाचे डोळे अक्षरांच्या ओळी धरून चालतात आणि चित्राला शोभा समजतात. ज्याला अक्षर येत नाही ते मूल चित्र वाचते, आणि माझ्यापेक्षा नीट वाचते. त्या दिवसापासून त्या मुलाला मी फिरू देतो. त्याच्या आईलाही सांगितले, तो ऐकतो आहे, काळजी करू नका.

यामागे अभ्यासही आहे, हे मला नंतर ग्रंथपालबाईंकडून कळले. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक वाचण्याची निराळी पद्धत शिकवली होती. सरळ वाचून संपवायचे नाही. ‘हे काय चालले आहे?’ असे उघडे प्रश्न विचारायचे, मूल जे दोन शब्द बोलेल त्यांना आणखी दोन जोडून परत द्यायचे, हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे जाऊ द्यायचे. एका महिन्यात ती मुले बोलण्यात त्याच वयाच्या इतर मुलांच्या पुढे गेली. दुसऱ्या मुलांनाही पुस्तके वाचून दाखवली जात होतीच, फक्त नेहमीच्या पद्धतीने. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात १०० चित्रपुस्तकांतले शब्द आणि मोठी माणसे लहान मुलांशी बोलतात ते शब्द यांची तुलना केली होती. पुस्तकांत निरनिराळे शब्द जास्त निघाले. मला याचे नवल वाटले नाही. घरात आपण मुलाशी ‘इकडे ये, हात धू, ते ठेव खाली’ एवढ्यातच असतो. धुके, गलबत, कुजबुज, दीपगृह हे शब्द आमच्या मुलांना चटईवरच भेटले.

पण विचारायला आणि ऐकायला माणसागणिक वेळ लागतो. १५ मुलांत प्रत्येकाला एकदा तरी बोलता येते. ९० मुलांत नाही. माझ्या मते गोष्टीच्या तासाचे आकारमान यावरून ठरावे. जास्त मुले आली तर गोष्टीचे दोन वेगळे तास ठेवावेत, पण चटई वाढवू नये.

कुणी म्हणेल, मग सोहळा नकोच का? असे अजिबात नाही. मुलांना सोहळा हवा असतो, आणि मलाही हवा असतो. आम्ही जे सोहळे करतो त्यातला एक सांगतो. ज्या मुलाचा वाढदिवस त्या आठवड्यात असेल त्याने शनिवारचे पुस्तक निवडायचे. बस्स, एवढेच. घरून काही आणायचे नाही, कुणी कुणाला भेट द्यायची नाही, कपडे रोजचेच. ते मूल माझ्या शेजारी छोट्या खुर्चीवर बसते आणि पाने ते उलटते. त्याने पान दाबून धरले तर मला थांबावे लागते, अर्ध्यातच उलटले तर मी गोष्ट तिथून पुढे नेतो. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या तारखांच्या कागदाखाली आम्ही आणखी एक कागद लावतो, त्यावर त्या दिवसाची तारीख आणि त्या मुलाने काढलेली एखादी खूण. पुढच्या वाचकाला कळते की हे पुस्तक एका दिवशी कुणीतरी सगळ्यांसाठी निवडले होते. काही पुस्तकांमागे आता पाच-सहा खुणा झाल्या आहेत. घरून काही आणायचे नाही हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्या घराला परवडते आणि ज्या घराला परवडत नाही ती दोन्ही मुले त्या खुर्चीवर सारखीच दिसतात.

एक मुलगा असा होता की त्याची जन्मतारीख कुणालाच नक्की ठाऊक नव्हती. इतर मुले खुर्चीवर बसायची तेव्हा तो बोटांवर काहीतरी मोजायचा. एकदा त्याने मला विचारले, “माझा शनिवार कुठला?” ग्रंथपालबाईंनी त्याचे सभासदपत्र काढले आणि त्यावरची तारीख दाखवून म्हणाल्या, “तू ग्रंथालयात आलास तो दिवस हा. हाच तुझा शनिवार.” त्याने जहाजाचे पुस्तक निवडले. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आता तो मोठा झाला, स्वतः वाचतो, पण त्या तारखेच्या आसपास येऊन ते जहाज जागेवर आहे ना एवढे बघून जातो. आता आमच्याकडे सभासदपत्राचा दिवस प्रत्येकाचाच साजरा होतो.

सणांचा प्रश्न याहून नाजूक आहे. एका घरात आज सण असतो, शेजारच्या घरात नसतो, तिसऱ्या घरात काही कारणाने या वर्षी करायचा नसतो. ग्रंथालय सगळ्यांचे. मग काय करावे? काही जण म्हणतात सगळेच सण टाळावेत. मला ते पटत नाही. आपल्या घरचा आनंद ग्रंथालयाच्या दाराबाहेर ठेवून यायला मुलाला का लावायचे? सजावट करून सगळ्यांना एकच सण साजरा करायला लावणेही मला पटत नाही. पुस्तक ही अडचण फार हळुवारपणे सोडवते. पुस्तकातल्या मुलीच्या घरी सण आहे. ती काय करते, कुणाची वाट पाहते, तिच्या आजीला काय आठवते, हे आपण सगळे मिळून बघतो. ज्याच्या घरी तो सण आहे तो उसळून सांगतो, “आमच्याकडे पण!” ज्याच्या घरी नाही तो पाहुणा म्हणून बघतो. कुणाला काही करून दाखवावे लागत नाही.

रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९० साली लिहिले होते की मुलांसाठी पुस्तके आरसाही असावीत आणि खिडकीही, आणि काही तर सरकते काचेचे दार, ज्यातून पलीकडे जाता येते. आरशात आपण दिसतो, खिडकीतून दुसरा दिसतो. ग्रंथपालबाईंनी हे मला सांगितले तेव्हा आम्ही दोघांनी आमचे कपाट उपसले आणि पाहिले की कुठल्या मुलांना आमच्या पुस्तकांत आरसाच नाही. व्हीलचेअरवर येणाऱ्या मुलीला नव्हता. फक्त आजीजवळ राहणाऱ्या दोन भावंडांना नव्हता. ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलतात त्यांनाही नव्हता. त्या वर्षीची नवी खरेदी ही यादी समोर ठेवून झाली. सोहळ्याच्या खर्चातून हे व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. पताका दुसऱ्या दिवशी फेकल्या जातात. पुस्तक, नीट बांधलेले असेल तर, दहा वर्षे मुलांच्या हातांत टिकते. मध्ये एक-दोनदा माझ्याकडे आले म्हणजे झाले.

मोठा सोहळा कसा जन्माला येतो याची एक खरी हकिगत मला फार आवडते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीत मुलांकडे पुस्तके नव्हती. येला लेपमान या पत्रकार बाई, स्वतः ज्यू, नाझी राजवटीमुळे देश सोडून गेलेल्या, परत आल्या आणि त्यांनी निरनिराळ्या देशांना पत्रे लिहून मुलांची पुस्तके मागितली. आलेल्या पुस्तकांचे १९४६ साली म्युनिकमध्ये प्रदर्शन भरले. तिथूनच १९४९ साली आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले, आणि १९५३ साली झुरिकमध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २ एप्रिलचा दिवस याच संस्थेने सुरू केला. म्हणजे या दिवसाच्या मुळाशी पुस्तके मागणारी पत्रे आहेत. हे कळल्यापासून २ एप्रिलला आम्ही फुगे लावत नाही. त्या दिवशी शेल्फवरची सगळी चित्रपुस्तके चटईवर पसरतो, मुखपृष्ठ वर करून, आणि मुलांना त्यांत शिरू देतो. कुणी पालथे झोपून बघते, कुणी दहा पुस्तकांची भिंत रचते. एक पुस्तक मी वाचतो. मग प्रत्येक जण एक घेऊन घरी जातो. दोरी नाही, पाटी नाही.

अमेरिकेत पॅट मोरा या लेखिकेने १९९६ साली मुलांचा दिवस आणि पुस्तकांचा दिवस एकत्र साजरा करण्याची कल्पना मांडली. तिथल्या ग्रंथालयांत तो ३० एप्रिलला साजरा होतो, घराघरांतल्या वेगवेगळ्या भाषांच्या पुस्तकांसह. मला त्यातले हे पटले की ती मंडळी त्या एका दिवसाला वर्षभराच्या वाचनाचा कळस मानतात. कळस चढवायला खाली देऊळ लागते. जिथे दर आठवड्याला गोष्टीचा तास होत नाही तिथे वर्षातून एकदा केलेला सोहळा मुलांना काय देणार? दुसऱ्या दिवशी मूल आईला घेऊन ग्रंथालयात येईल आणि विचारेल, ते पुस्तकवाले आजोबा कुठे आहेत? त्याला उत्तर देणारे कुणीतरी तिथे बसलेले हवे.

सोहळ्याला मुले खरोखरच जास्त येणार असतील तर त्यालाही उपाय आहे. जपानमध्ये १९३०च्या सुमारास रस्तोरस्ती कथेकरी सायकलवर लाकडी चौकट बांधून फिरत आणि तिच्यात मोठाली चित्रे एकेक सरकवत गोष्ट सांगत. याला कामिशिबाई म्हणतात, कागदी नाटक. चित्र मुलांकडे, मजकूर चित्राच्या मागे, सांगणाऱ्याकडे. मी एका सुताराकडून तशी चौकट करून घेतली आणि जाड कार्डावर मुलांनीच काढलेली चित्रे त्यात बसवली. ४० मुलांना ती आरामात दिसतात. चित्र सरकवताना पान उलटण्याचीच मजा येते, कारण अर्धे सरकवून थांबता येते.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम आहे, पुस्तके वापरण्यासाठी आहेत. आमच्या ग्रंथालयात तो दर्शनी भिंतीवर लावलेला आहे, आणि ‘हात लावू नये’ची माझी पाटी त्याच भिंतीसमोर टेबलावर दिवसभर उभी होती. म्हणून पुस्तकांना भोके पाडणाऱ्यांवर मी रागावत नाही. त्यांनीही हौसेनेच केले असणार, आपल्याकडची सगळ्यात सुंदर वस्तू म्हणूनच पुस्तके उंच टांगली असणार. फक्त त्यांनी एवढे करावे. दोरे सोडवावेत. भोकाभोवतीचा पुठ्ठा उचकटला असेल तिथे पातळ कागदाची गोल चकती खळीने चिकटवावी. पारदर्शक चिकटपट्टी मुळीच लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. मग ती पुस्तके खालच्या फळीवर, तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवावीत. टाचा उंच करून हात ताणणारा तो मुलगा सापडला तर त्याने धरू पाहिलेले पुस्तक आधी त्याला द्यावे.

आपल्या छायाचित्रकारांनाही एक विनंती. एखाद्या साध्या शनिवारी कुठल्याही ग्रंथालयातल्या गोष्टीच्या तासाला या. मागे बसा, लखलखाट न करता काढता आले तर काढा, आणि पान उलटायच्या आधी मुलांचे चेहरे बघा.

या शनिवारी आमच्याकडे खुर्चीवर बसणार आहे ती फरशीवर वाट पाहत बसलेली मुलगी. ती आता सहा वर्षांची होते आहे, पुढच्या महिन्यापासून मोठ्या गटात जाईल. तिने निवडलेले पुस्तक दोन वर्षांत इतक्या घरांत फिरले आहे की मधला फॉर्म शिलाईतून सुटला होता. काल रात्री तो पुन्हा शिवला, पाठीला खळ लावली, पानांत मेणकागद घातला. सध्या ते माझ्या टेबलावर दोन जाड शब्दकोशांखाली आहे. शुक्रवारपर्यंत वाळेल.

आपला,
दर शनिवारी चित्रपुस्तक वाचून दाखवणारा एक निवृत्त पुस्तकबांधणी कामगार